चारशे साडेबारा नंबरचा लॅस्टी

ओडिल आणि लॅस्टी ही सख्खी भावंडं, पण गेली कैक वर्षं दोघं एकमेकांशी कुत्र्यामार्फत बोलतात. कुत्र्याचं नाव पताट. अंगभर ठिपके, एक डोळा निळा, एक तपकिरी. दुपारी भात शिजला की ओडिल मागच्या दारात येते आणि पताटला सांगते, "जा रं, त्याला म्हणावं रस्सा निवाय लागलाय." पताट जागचा हलत नाही. अंगणात पेकानच्या झाडाखाली एक जुनी कॅम्परगाडी चाकं काढून विटांवर बसवलेली आहे, तिच्यातनं आवाज येतो, "पताट, तिला सांग, मी काय बहिरा न्हाई." मग लॅस्टी येतो, बूट दारात काढतो, मान खाली घालून जेवतो, आपलं ताट विसळतो आणि परत जातो.

भांडण झालं ते पत्त्यांवरनं. आमच्या प्रेरी मार्सेलमध्ये रविवारी बुरेचा डाव बसतो. त्यात हातात वरचं पान असलं तर ते टाकायलाच लागतं. दडवलं तर ती चोरी. एका रविवारी ओडिल भरल्या टेबलावर म्हणाली, लॅस्टीनं राणी दडवली. लॅस्टी उठला, गादीची गुंडाळी खांद्यावर मारली आणि कॅम्परमध्ये जाऊन झोपला. तो काय परत आत झोपायला आला नाही. रुसवा झोपण्यापुरता, पोटाला तो लागू नव्हता. कपडे ओडिलच्या यंत्रात पडायचे, अंघोळ ओडिलच्या न्हाणीत, कॅम्परमधला दिवासुद्धा ओडिलच्या घरातनं ओढलेल्या तारेवर. पण गडी चारचौघांत छाती काढून सांगायचा, "मी कुणाच्या घरात ऱ्हात न्हाई. माजं सोताचं हाय."

नुसतं सांगून भागेना म्हणून त्यानं नंबर मिळवला. ओडिलच्या घराला चारशे बारा. लॅस्टीनं परगण्याच्या कचेरीत खेटे घालून कॅम्परला चारशे साडेबारा मंजूर करून आणला. फळीवर पांढऱ्या रंगानं आकडा काढला, तो 'अर्धा' जरा मोठाच काढला, आणि रस्त्याकडच्या खांबावर ओडिलच्या आकड्याखाली ठोकला. टपालवाला पहिल्या दिवशी गाडी थांबवून म्हणाला, "काय रं, अर्धा माणूस ऱ्हायला आलाय का हितं?"

त्या अर्ध्यानं पुढं सगळ्यांचा जीव खाल्ला.

लॅस्टी नालबंद. त्याचा बाप नालबंद, आजाही. सहा भावंडांतला हा शेवटचा, म्हणून नाव लॅस्टी. साठी उलटली तसं त्यानं नाल ठोकणं सोडलं, नुसती खुरं छाटायची कामं ठेवली. त्याला ऐरण लागत नाही, भट्टी लागत नाही. पक्कड, कानस आणि बाकदार चाकू, झालं. घोड्याच्या पोटाखाली वाकून शिरायचं, पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरायचा आणि खूर बोलेल तसं कापायचं. मी त्यांचा शेजारी; माझी डीना नावाची घोडी कुणाला मागच्या पायाला हात लावू देत नाही, लॅस्टीला द्यायची. तिच्या कानात तो जुन्या फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटायचा. काय म्हणतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "शिव्या देतो. बायकांना कळत्यात, घोडीला न्हाई."

त्याच्या ट्रकचा गिअर गेला तेव्हा त्यानं ट्रक भंगारात दिला आणि सायकल घेतली. मागं दुधाचा प्लास्टिकचा क्रेट बांधला, त्यात हत्यारं. घोडी बाळगणारी सगळी मंडळी आसपासच्याच रस्त्यांवरची, अडायचं काही नव्हतं. पण आमच्याकडं बाप्या माणूस सायकलवर दिसला की लोक समजतात, ह्याचा परवाना दारूपायी गेला. फीडस्टोअरच्या, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या दुकानाच्या, पायरीवर बसलेले हटकायचे.

"काय लॅस्टी, किती महिन्यांसाठी काडून घेतला?"

"परवाना खिशात हाय माज्या," लॅस्टी म्हणायचा. "इमा न्हाई. गाडी न्हाई तर इमा कशाला? हार्लनचं पोट म्या का भरू?"

हे लॅस्टीचं मोठं शहाणपण. गावात बऱ्याच जणांना ते पटलंही होतं.

हार्लन म्हणजे ह्या दोघांचा आतेभाऊ. विमा विकतो. त्याचं ऑफिस आहे, पण तिथं कोणी जात नाही. वसंतात भाताच्या खाचरांत झिंगे भरले की कुणाच्या ना कुणाच्या अंगणात हंडा चढतो, झिंगे, मका, बटाटे आणि तिखटाचा मारा, आणि सगळं लांब टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओतायचं. हार्लन आपल्या ट्रकचं मागचं फळकूट पाडतो, त्यावर कागद मांडतो. लोक झिंगे सोलता सोलता येतात, तिखटाच्या बोटांनी सही ठोकतात आणि पुन्हा टेबलाकडं पळतात. आमच्या गावातल्या विम्याच्या प्रत्येक कागदावर तांबडा अंगठा सापडेल.

"ह्ये एक कलम काडू का?" हार्लन दरसाल विचारतो. "काडलं की हप्ता उतरतो."

"काड की. इचारतोस काय."

ते कलम म्हणजे बिनविम्याच्या गाडीवाल्याचं. ज्याच्याजवळ विमा नाही असल्यानं तुम्हाला उडवलं, तर त्याच्या जागी तुमची स्वतःचीच कंपनी पैसे भरते. ट्रक होता तेव्हा लॅस्टीनंही ते काढून टाकलेलं. मीही काढलेलं. एकटी ओडिल लिंबानं हात धुवायची, चष्मा चढवायची आणि ओळ न् ओळ वाचायची. मागं लोक रांगेत वैतागायचे.

"ह्ये काडायचं न्हाई," ती म्हणायची.

"ओडिल, आगं तुला कोण ठोकतंय? चर्च आन् दुकान, ह्येच्यापल्याड तू जातीस कुटं?"

"निम्मी पोरं बिनइम्याची बोंबलत फिरत्यात ह्या रस्त्यावर. तुजा जावई त्यातलाच. गप लिही."

हार्लन गप लिहायचा.

तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, ओडिललाही नाही, की हे कलम गाडीला चिकटलेलं नसतं, माणसाला चिकटलेलं असतं. माणूस गाडीत असो, पायी असो, सायकलवर असो, ते त्याच्याबरोबर चालतं. आणि त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या रक्ताच्या माणसालाही ते लागू होतं. हार्लनला ठाऊक होतं का? पुढं मी त्याची गचांडी धरायचाच बाकी होतो तेव्हा तो म्हणाला, होतं. मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तर म्हणे, कुणी इचारलंच न्हाई.

फेब्रुवारीत झालं ते. लॅस्टी सकाळी खाचरांमधल्या रस्त्यानं चालला होता. तिथं रस्त्याला कड म्हणून नाही. डांबर संपलं की चर. मागनं ट्रॉय नावाचं पोरगं ट्रक घेऊन आलं, मागं झिंग्यांची बोट जुंपलेली. ट्रक लॅस्टीला चुकवून गेला. बोटीचा गाडा ट्रकपेक्षा रुंद, हे पोरगं विसरलं. गाड्याच्या चाकावरचा पत्रा लॅस्टीच्या गुडघ्यात बसला आणि लॅस्टी सायकलीसकट चरात.

पोरगं पळून गेलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं बोलू. चरात उतरून रडत बसलं. मला फोन त्यानंच लावला, कारण लॅस्टीला माझाच नंबर पाठ. मी पोचलो तोवर शेरीफचा माणूस आलेला. तो चराच्या काठावर उभा राहून खाली चिखलात पडलेल्या लॅस्टीला विचारत होता, "सकाळपास्नं किती घेतलीय?"

"घेतली न्हाई," लॅस्टी दातओठ खात म्हणाला. "पर आता दिलीस तर घीन."

"मग सायकलीवर का?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं मला अजून कळलेलं नाही. मी त्या शेरीफवाल्याला म्हणालो, "त्या पोराचा इमा इचार, ह्येची दारू काय इचारतोस?" पोराकडं विमा नव्हता. सणासुदीला नवे कपडे काढावेत तसा ते पोरगं विमा फक्त गाडीची पाटी नवी करायच्या दिवशी घ्यायचं आणि पुढच्या महिन्यात सोडून द्यायचं. ट्रक काकाचा, बोट मालकाची, स्वतःची फक्त चड्डी. उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात हिवानं मेलं, तशातली गत. ह्याच्याकडनं काय वसूल करणार? पोरगं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोणीभर जिवंत झिंगे घेऊन आलं. नर्सनं ते बाहेर ठेवायला लावले.

दवाखान्यात गुडघा तेवढ्यापुरता तारा-खिळ्यांनी बांधला. हाडांचा डॉक्टर म्हणाला, हे कामचलाऊ आहे. सूज उतरली की दुसरं ऑपरेशन, सांधा नीट बसवायचा, आणि ते लवकर. उशीर झाला तर सांधा आखडेल आणि मग काहीही केलं तरी पूर्ण वाकणार नाही.

"पूर्ण म्हंजी किती?" लॅस्टीनं विचारलं.

"चालता येईल तुम्हाला."

"चालाय काय बदकाला बी येतं. घोड्याखाली बसता ईल का?"

डॉक्टरनं खांदे उडवले. ऑपरेशनची तारीख त्याच्या हातात नव्हती; पैसे कोण भरणार हे कळल्याशिवाय खालच्या मजल्यावरची बाई तारीख देत नव्हती. सरकारी औषधोपचार पासष्टीला लागू होतो, त्या वयाला लॅस्टी अजून पोचलेला नाही. नालबंदाला नोकरीचा विमा कुठला असायला? गाडी नाही म्हणून गाडीचा विमा नाही.

त्या रागातच मी हार्लनच्या ऑफिसात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "लॅस्टीकडं कायबी न्हाई, त्यो त्याचा कर्मभोग. पर ओडिलच्या कागदात हाय की. सख्खा भाऊ हाय, तिच्याच घरात ऱ्हातो. लागू व्हतंय."

मी खुर्चीतनं उठलोच. "सायकलीवर असला तरीबी?"

"सायकलीवर असला तरीबी."

मी तडक दवाखान्यात. लॅस्टीला सगळं समजावलं. "कंपनीचा फोन ईल. कुणासंगं ऱ्हाता म्हणून इचारतील. बहिणीच्या घरात, येवढंच सांगायचं. कळलं का?"

"बगू," लॅस्टी छताकडं बघत म्हणाला.

"बगू न्हाई. सांग."

"बगू म्हणलं न्हवं!"

फोन आला तेव्हा मी समोरच बसलेलो. पलीकडचा माणूस कुठल्या तरी लांबच्या राज्यातला, गोड आवाजाचा. बोलणं ध्वनिमुद्रित होतंय, चालेल ना? लॅस्टी म्हणाला, चालंल. नाव, जन्म, सगळं झालं. मग प्रश्न आला, तुम्ही कोणाबरोबर राहता?

मी हातवारे केले. घराची आकृती काढून दाखवली. लॅस्टीनं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि घसा साफ करून म्हणाला, "कुणासंगं न्हाई. एकटा. माजं सोताचं घर हाय, चारशे साडेबारा."

माणसानं आपल्या जिभेनं आपलाच गुडघा मोडावा हे मी तेव्हा बघितलं. फोन ठेवल्यावर मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर नर्सनं मलाही झिंग्यांशेजारी बाहेर ठेवला असता.

कंपनीनं मागणी नाकारली. भाऊ त्या घरातला नाही, वेगळा पत्ता आहे, स्वतः तसं म्हणाला आहे.

पुढचे दिवस नुसते फोनचे. लॅस्टी कुबड्यांवर घरी आला. घरी म्हणजे कॅम्परमध्ये, तीन पायऱ्या चढायला त्याला किती वेळ लागायचा ते मी कुंपणावरनं बघायचो. ओडिल रोज सकाळी कंपनीला फोन लावायची. तिकडनं बाजा वाजायचा. बाजा वाजून वाजून एखादी मुलगी यायची, ती म्हणायची हे माझ्याकडं नाही, थांबा, आणि पुन्हा बाजा. दुसरी यायची, ती सगळं पहिल्यापासून विचारायची. तिसरी म्हणायची, जखमी व्यक्तीला फोन द्या, आणि जखमी व्यक्ती झाडाखाली बसून मासे पकडायच्या दोरीचा गुंता सोडवत असायची, म्हणायची, "पताट, तिला सांग, मी एकदा बोललोय."

एक दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात होतो. ओडिल रश्शासाठी तेलात पीठ भाजत होती. हे काम करताना बाई जागची हलत नाही. हात थांबला की पीठ करपलं आणि करपलं की सगळं ओतून द्यायचं. घराला आग लागली तरी आधी पीठ उतरवायचं, अशी आमच्या आयांची शिकवण. ओडिलनं फोन खांदा आणि कानात धरलेला, बाजा वाजतोय, पळी फिरतेय. एवढ्यात बाजा थांबला आणि एक माणूस बोलायला लागला, ह्या खेपेला खरा अधिकारी. म्हणाला, कागद समोर घ्या आणि नंबर वाचा. कागद दुसऱ्या खोलीत. ओडिलनं पिठाकडं बघितलं. पळी खाली ठेवली आणि गेली.

पीठ करपलं. घरभर धूर झाला. तिच्या हातनं पीठ करपलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. पण ती परत आली ती कंपनीचं माणूस घरी येणार असा शब्द घेऊनच. कढई तशीच मागच्या दारातनं अंगणात भिरकावली. झाडाखाली लॅस्टीनं धुराचा वास घेतला आणि हातातली दोरी खाली ठेवली.

एव्हाना एप्रिल उजाडला होता. गुडघा दिवसेंदिवस ताठत चाललेला.

कंपनीची बाई आली. हॅडली नाव, तरुण, बुटात चिखल जाऊ नये म्हणून पाय उचलून चालणारी. मला साक्षीला बसवलं होतं. लॅस्टीला आत आणला, पाय दुसऱ्या खुर्चीवर पसरलेला. ओडिलनं काळी कॉफी ठेवली आणि भावाच्या समोरच्या खुर्चीत बसली. पताट टेबलाखाली.

हॅडलीबाईनं विचारायला सुरुवात केली. जेवण कुठं होतं? हितं. कपडे कोण धुतं? मी, ओडिल म्हणाली. विजेचं बिल? माझं. आजारी पडले तर औषध? माझ्याच कपाटात. बाई लिहीत गेली. माझा जीव भांड्यात पडत चाललेला.

"मग बाहेर का झोपतात?" बाईनं विचारलं.

मी म्हणालो, "पत्ते."

"पत्ता? हो, पत्ता वेगळाच आहे, तेच म्हणते मी."

"तो पत्ता न्हवं बाई. खेळायचे."

बाईनं लेखणी खाली ठेवली. "हे बघा, मिस्टर फ्यूझलिए. फोनवर तुम्ही स्वतः म्हणालात, एकटा राहतो. ते मुद्रित आहे. तुमच्या बहिणीनं काहीही सांगितलं तरी त्याच्यापुढं चालत नाही. आज तुमच्या तोंडून मला ऐकायचंय. तुम्ही ह्या घरात राहता का?"

लॅस्टीनं कॉफीचा घोट घेतला. मग टेबलाखाली वाकून बघितलं.

"पताट, तिला इचार. माज्याकडं राणी न्हवती ह्ये ती मान्य करती का?"

"पताट, त्याला सांग," ओडिल तिथल्या तिथं म्हणाली, "व्हती. इस्पिकची."

मला राहवलं नाही. मी टेबलावर हात आपटला, कॉफी सांडली. "तुमच्या दोघांच्या इस्पिकच्या राणीला घाला खड्ड्यात! गुडघा लाकूड व्हायला आलाय आन् तुमी पानं मोजताय? ती बाई उठून गेली का परत येणार न्हाई!"

"कोणती राणी?" हॅडलीबाई माझ्याकडं बघत म्हणाली.

"मधी पडू नगा हो," ओडिल मला म्हणाली. "ह्ये घरातलं हाय."

"ल्ह्या की मग!" मी बाईला म्हणालो. "घरातलं हाय म्हंती ती, ल्ह्या!"

बाईनं लिहिलं नाही. कागद एकावर एक रचायला लागली. पिशवीची साखळी ओढल्याचा आवाज आला. लॅस्टीचा जबडा दगडासारखा. मी ओडिलकडं बघत होतो, आता तरी ही एक पाऊल मागं घेईल. ती उठली, दाराशी ठेवलेला दुधाचा क्रेट पायानं ओढून पुढं घेतला, त्यातनं कानस काढली. फुटभर लांब, लॅस्टीच्या बापाच्या हातची. ती तिनं उजेडात धरून दात तपासले.

"पताट," ती म्हणाली, "त्याला सांग, उद्यापास्नं ही मी माशांची खवलं काडाय घेती. तशीबी पडूनच ऱ्हानार हाय."

लॅस्टीचे कान लाल झाले. कानस हिसकावायला तो अर्धवट उठला, पाय साथ देईना, पुन्हा खुर्चीत आदळला आणि कळ मस्तकात गेली तसे डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाला,

"पताट. त्या पावण्या बाईला सांग, म्या माज्या बहिनीच्या घरात ऱ्हातो. पहिल्यापास्नं ऱ्हातो. अंगणात झोपतो, येवढंच."

हॅडलीबाई आधी लॅस्टीकडं, मग टेबलाखाली बघत होती. "हे मी त्यांचं उत्तर म्हणून लिहू का?"

"ल्ह्या," ओडिल कानस क्रेटमध्ये ठेवत म्हणाली. "कुत्र्याशी त्यो खोटं बोलत न्हाई."

कंपनीनं मानलं. पण मानायलाही तिनं आपला वेळ घेतला. कचेऱ्यांतनं कागद हिंडला, मुद्रित बोलणं आणि बाईचं टिपण ह्यांचा मेळ बसवायला आणखी वरची कुणी बसली. पैसे आले ते दवाखान्याच्या आधीच्या बिलांनी निम्मे गिळले. ओडिलनं कलम ठेवलं होतं पण रक्कम सगळ्यात लहान ठेवली होती, कारण तिला वाटायचं, आपल्याला काय होणार, फार तर पाठ लचकेल. उरल्यात ऑपरेशन बसलं. झालं ते भर उन्हाळ्यात. डॉक्टरनं सांधा बसवला आणि हात धुताना म्हणाला, दोन महिने आधी आला असतात तर.

लॅस्टीला कोणी हे सांगितलं नाही. त्याला कळलं ते माझ्याच गोठ्यात.

पानगळीत तो चालायला लागला तसा मी डीनाला बाहेर काढली. तो पुढच्या पायाखाली गेला, झकास गेला. खूर छाटलं, कानस फिरवली, घोडीच्या कानात शिव्या दिल्या. मग मागं गेला. मागचा पाय धरायला जास्त खाली जावं लागतं. गुडघा निम्म्यावर वाकला आणि थांबला. त्यानं रेटा दिला. डीनानं मान वळवून बघितलं. त्यानं पुन्हा रेटा दिला, घाम फुटला, आणि पाय तसाच धरून तो उभा राहिला, ना खाली ना वर. घोडीनं लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं. तिनं मारली नाही, गप उभी राहिली.

आता डीनाचे पुढचे पाय लॅस्टी करतो. मागच्या पायांना टेक्सासचा एक पोऱ्या येतो, ट्रकमध्ये थंड हवेचं यंत्र लावून. तो काम करतो तेव्हा लॅस्टी बादली पालथी घालून शेजारी बसतो आणि सगळा वेळ त्याला शिव्या घालतो. ह्या शिव्या सगळ्यांना कळणाऱ्या.

ह्या वसंतात हंडा ओडिलच्या अंगणात चढला. हार्लननं ट्रकचं फळकूट पाडलं, कागद मांडले. मी मुद्दाम तिथंच जाऊन उभा राहिलो. पहिला आला तो फीडस्टोअरचा व्हर्नी, तिखटानं माखलेला.

"ह्ये कलम काडू?" हार्लन म्हणाला.

"काडू नगंस," मी म्हणालो. "व्हर्नी, तुजा पोरगा सायकलीवर शाळंला जातो का न्हाई? लॅस्टीचं बगितलंस न्हवं? आन् रक्कम वाडवून ल्ही."

"माज्या पोराला कोण ठोकतंय?" व्हर्नी म्हणाला. "काड रं हार्लन." आणि तांबडा अंगठा उमटवून झिंग्यांकडं गेला. त्याच्यामागचाही गेला. पाच-सहा जणांत दोघांनी कलम ठेवलं, त्यातला एक माझ्या बायकोचा भाऊ, तोही मी त्याचं मनगट धरून ठेवलं म्हणून. माणसं डोळ्यांसमोर लंगडणारा गुडघा बघतात आणि त्याच्या बाजूनं चालत जाऊन सही करतात. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पदरात पडले दोन.

ओडिलनं हात धुतले, चष्मा लावला, सगळं वाचलं. रक्कम वाढवून घेतली. मग हार्लनला म्हणाली, खाली भावाचं नाव घाल, घरात राहणारा म्हणून, स्वच्छ अक्षरांत, परत कुणी विचारायला नको.

लॅस्टी सायकल धरून उभा होता. बसत नाही आता, काठीसारखा तिचा आधार घेत ढकलत नेतो; क्रेट मात्र मागं असतोच. ओडिल त्याच्या बाजूनं हंड्याकडं निघाली.

"पताट, त्याला सांग, नाव घातलंय."

"पताट, तिला इचार," लॅस्टी म्हणाला, "कुटल्या नंबराखाली?"

ओडिलनं झाऱ्यानं हंडा ढवळला. "सांग त्याला, चारशे बारा. अर्धा सकाळी हंड्याखाली घातलाय."

लॅस्टीनं रस्त्याकडच्या खांबाकडं मान वळवली. तिथं फळीच्या जागी खिळ्यांची नुसती दोन भोकं होती.